इतिहासाचा अभ्यास : साक्ष देण्याची अमानत




बारावीचा निकाल लागला की शहापूर, वाशिंद, खर्डी, मुरबाड, सरळगाव अशा आपल्या गावांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाने पुढे काय शिकावे? मुलीला कोठे पाठवावे? वाणिज्य, संगणक, औषधनिर्माण, आयटीआय ही नावे घेतली की घरातील मोठ्यांचे चेहरे खुलतात. पण एखाद्या मुलाने किंवा मुलीने सांगितले की, मला विद्यापीठात इतिहास शिकायचा आहे, तर घरात शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणते, "मेलेल्या राजांच्या गोष्टींनी पोट भरते का?" दुसरे कोणीतरी हळूच पुस्ती जोडते, "आणि आजच्या दिवसांत आपल्या मुलाने इतिहासाच्या वाटेला जावेच कशाला?"

या दोन्ही प्रश्नांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पहिला प्रश्न रोजीरोटीचा आहे आणि हलाल रोजी कमावणे ही इबादत आहे. दुसरा प्रश्न भीतीचा आहे आणि ती भीतीही अनाठायी नाही. परंतु श्रद्धावंत माणूस कोणताही निर्णय घेताना बाजारभाव पाहतो तसा अल्लाहचा आदेशही पाहतो. म्हणून आधी हे पाहू या की, गेलेल्या काळाकडे पाहण्याविषयी आपला दीन आपल्याला काय शिकवतो.

दिव्य कुरआन आणि गतकाळ

कुरआनचा फार मोठा भाग पूर्वीच्या लोकांच्या वृत्तांतांनी व्यापलेला आहे. आद आणि समूद, फिरऔन आणि कारून, सबाचे लोक आणि गुहेतील तरुण हे सारे वाचकाच्या करमणुकीसाठी आलेले नाहीत. सूरह यूसुफच्या अखेरीस (१२:१११) अल्लाहने स्पष्ट केले आहे की, या वृत्तांतांमध्ये बुद्धी बाळगणाऱ्यांसाठी बोध आहे आणि ही काही रचलेली गोष्ट नव्हे. सूरह रूममध्ये (३०:९) विचारले आहे की, हे लोक पृथ्वीवर हिंडले नाहीत काय, त्यांच्यापूर्वीच्यांचा शेवट कसा झाला हे त्यांनी पाहिले नाही काय? ते पूर्वीचे लोक यांच्यापेक्षा बलवान होते, त्यांनी जमीन कसली होती, वसवली होती.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, अल्लाहने घरात बसून ऐकण्यास सांगितलेले नाही, हिंडून पाहण्यास सांगितले आहे. दुसरी ही की, ज्यांचे अवशेष पाहायचे ते लोक आपल्या श्रद्धेचे नव्हते, तरीही त्यांचा अभ्यास निषिद्ध ठरला नाही. मुरबाडहून माळशेजच्या दिशेने जाताना वाटेत वैशाखरे लागते. तेथून चढून गेलेला नाणेघाट जुन्नर आणि मुरबाड यांच्या सीमेवर आहे. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात दिलेल्या दानांची गणती आहे आणि भारतातील अत्यंत जुन्या अंकांपैकी काही अंक तेथे कोरलेले आहेत. पावसाळ्यात आपली मुले तेथे जातात, छायाचित्रे काढतात आणि परत येतात. ज्या घाटातून कल्याण आणि सोपारा बंदरांचा माल शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून वर चढला, त्या घाटात उभे राहून, हे सामर्थ्य कोठे गेले, असा प्रश्न ज्याच्या मनात उठला, त्याने सूरह रूमच्या त्या आयतीचे थोडेसे पालन केले, असे म्हणता येईल.

बातमीची शहानिशा

विद्यापीठात इतिहासाचा विद्यार्थी नेमके काय शिकतो? अनेकांना वाटते की तो सनावळ्या पाठ करतो. वास्तविक तो प्रश्न विचारायला शिकतो. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? लिहिणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिले होते की ऐकले होते? तो कोणाच्या पदरी होता? दुसरा कोणी साक्षीदार आहे काय?

हे प्रश्न मुस्लिम माणसाला परके वाटू नयेत. सूरह हुजुरातमध्ये (४९:६) आज्ञा आहे की, एखाद्या बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणे तुम्ही एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. भाष्यकारांनी या आयतीची पार्श्वभूमी नोंदवली आहे. बनू मुस्तलिक या कबिल्याकडे जकात गोळा करण्यासाठी गेलेला माणूस वाटेतूनच घाबरून परतला आणि ते लोक जकात देण्यास नकार देत आहेत, असे त्याने सांगितले. युद्धाची वेळ येऊन ठेपली होती. चौकशी झाली तेव्हा बातमी खोटी निघाली. एका न तपासलेल्या बातमीने संपूर्ण कबिल्यावर संकट ओढवले असते.

याच शिकवणुकीतून हदीसशास्त्र उभे राहिले. प्रत्येक कथनामागे सांगणाऱ्यांची साखळी, प्रत्येक सांगणाऱ्याच्या सचोटीची आणि स्मरणशक्तीची तपासणी, दोघांची भेट होणे शक्य होते की नाही याचा हिशेब, हे सारे इमाम बुखारी (रह.) आणि इमाम मुस्लिम (रह.) यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून केले. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. आता आपण आपल्या मोबाइलकडे पाहावे. दिवसभरात किती संदेश आपण न तपासता पुढे ढकलतो?

पुढे इब्ने खल्दून (१३३२–१४०६) यांनी ही दृष्टी इतिहासाला लावली. केवळ सांगणारा विश्वासू आहे एवढ्यावर थांबू नका, सांगितलेली गोष्ट घडणे शक्य होते का हेही पाहा, असा त्यांचा आग्रह होता. हजरत मूसा (अलै.) यांच्या सैन्यात सहा लाख माणसे होती, असे मसऊदींसारख्या थोर इतिहासकाराने लिहिले होते. इब्ने खल्दून यांनी विचारले की, एवढे सैन्य त्या भूमीत मावेल कसे, आणि रांगेच्या एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल कसे? थोरांचा आदर राखूनही त्यांचा आकडा तपासता येतो, हा धडा त्यांनी दिला.

माहुलीच्या पायथ्याशी

हा धडा आपल्याच डोंगरावर पडताळून पाहू या. आसनगाव स्टेशनवर उतरले की माहुलीचे सुळके समोर दिसतात. या किल्ल्याविषयी सर्वत्र फिरणारी माहिती अशी की, तो मुघलांनी बांधला आणि १४८५ मध्ये निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने तो जिंकला. असंख्य लोकांनी हे वाचले आणि पुढे पाठवले. पण बाबर पानिपतावर जिंकला तो १५२६ मध्ये. जे राज्य अजून जन्मालाच आले नव्हते, त्याने १४८५ पूर्वी शहापुरात किल्ला कसा बांधला? दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या की चूक उघडी पडते. इतिहासाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे करू शकतो. बाकीचे आपण वर्षानुवर्षे करत नाही.

आता त्याच किल्ल्याचे ठामपणे ज्ञात असलेले प्रसंग पाहा. १६३६ मध्ये माहुलीला वेढा पडला. वेढा घालणाऱ्यांत शाहजहानचे मुघल सैन्य होते आणि त्याच्या जोडीला विजापूरच्या आदिलशाहीचे सैन्य होते. किल्ल्यात कोण होते? शहाजीराजे भोसले आणि त्यांनी ज्याच्या नावाने निजामशाही टिकवून धरली होती तो बालसुलतान मुर्तजा. म्हणजे एका मुस्लिम बालराजाच्या गादीसाठी मराठा सरदार लढत होता आणि ती गादी बुडवण्यासाठी दोन मुस्लिम सत्ता एकत्र आल्या होत्या. अखेर शहाजीराजांना शरण जावे लागले आणि अहमदनगरची निजामशाही येथे, आपल्या शहापुरात संपली.

चौतीस वर्षांनी, १६७० मध्ये, पुन्हा माहुलीवर झुंज झाली. पुरंदरच्या तहाने (१६६५) हा किल्ला मुघलांकडे गेला होता. शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्यावर चढाई केली तेव्हा औरंगजेबाच्या वतीने किल्ला लढवणारा किल्लेदार होता मनोहरदास गौड, एक राजपूत. त्याने पहिला हल्ला परतवला. त्याच वर्षी किल्ला मराठ्यांनी परत घेतला.

नाक्यावर किंवा मोबाइलवर इतिहास ऐकणारा मुलगा समजतो की, त्या काळी एका बाजूला एक धर्म उभा होता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. माहुलीचा डोंगर सांगतो की, सत्ता, जमीन, वचन आणि चाकरी यांच्या ओढाताणीत माणसे उभी होती. धर्म त्यांच्या जीवनात होता, पण प्रत्येक तलवार धर्मासाठी उपसलेली नव्हती. हे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, तो चिथावणीला सहजासहजी बळी पडत नाही. तो कोणत्याही बाजूचा असो.

आपण येथे कसे आलो?

आपल्या मुलांना शाळेत किंवा प्रवासात कधीतरी विचारले जाते की, तुम्ही कोठून आलात? उत्तर ठाऊक नसले की मूल ओशाळते, नाहीतर चिडते. ज्ञान या दोन्हींपासून वाचवते.

वर उल्लेख केलेले मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, कोकणातील चौल येथे आले होते. तेथे मुस्लिमांची मोठी वस्ती असल्याचे आणि त्यांचे तंटे त्यांच्यातीलच एक प्रमुख सोडवत असल्याचे त्यांनी लिहिले. त्या वेळी या प्रदेशावर राष्ट्रकूट राजांचे राज्य होते. दिल्लीत कोणी सुलतान बसण्याच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. मसऊदींनी वस्तीचा आकडा दहा हजारांच्या आसपास दिला आहे. त्यांच्या आकड्यांविषयी इब्ने खल्दून काय म्हणाले होते ते ध्यानात ठेवून विद्यार्थी हा आकडाही जपूनच वापरील. पण वस्ती होती, याला आणखी साक्षी आहेत.

त्यांपैकी एक साक्ष आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या चिंचणी गावी मिळाली. तेथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा संस्कृत ताम्रपट सांगतो की, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार एक ताजिक, म्हणजे अरब अधिकारी पाहत होता. त्याचे नाव मधुमती असे कोरले आहे. विद्वान ते मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप मानतात. त्याने नदीवर विनामूल्य नावांची सोय केली, अन्नछत्र चालवले आणि त्याच्या अधिकारात तेथील एका मठाला जमीन मिळाली. एक हिंदू राजा अरब माणसावर प्रांत सोपवतो आणि तो माणूस सर्व रयतेची व्यवस्था पाहतो. हा ताम्रपट कोणी वाचला नसता तर ही साक्ष मातीतच राहिली असती.

स्वतःविरुद्धही साक्ष

येथवर वाचून काहींना समाधान वाटले असेल. परंतु बंधू-भगिनींनो, इतिहास केवळ समाधानासाठी शिकायचा नसतो. आपल्याला आवडेल तेवढे उचलायचे आणि नावडते झाकायचे, ही साक्ष नव्हे, वकिली आहे. सूरह निसामध्ये (४:१३५) श्रद्धावंतांना आदेश आहे की, न्यायावर ठाम राहा आणि अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. सूरह माइदामध्ये (५:८) दुसरी बाजू सांगितली आहे की, एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला अन्याय करण्यास प्रवृत्त न करो. न्यायाला दोन्ही बाजूंनी धोका असतो, आपल्यांच्या प्रेमाचा आणि परक्यांच्या रागाचा.

म्हणून जो विद्यार्थी १६३६ चा माहुली वाचील, त्याने १६७९ मध्ये औरंगजेबाने पुन्हा लादलेला जिझिया आणि १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा हालहाल करून केलेला वधही वाचला पाहिजे. मुस्लिम नाव धारण करणाऱ्या राजाने केलेला जुलूम हा जुलूमच आहे. त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी आपल्यावर कोणी टाकलेली नाही. उलट, आपल्या माणसांना जुलमात साथ देणे याच वृत्तीला प्रेषित (स.) यांनी असबिय्यत, म्हणजे आंधळा कुलाभिमान म्हटले आहे. आपल्या पूर्वजांनीही हे पथ्य पाळले. जमल आणि सिफ्फीनच्या दुःखद लढाया, करबलाची शोकांतिका हे सारे तबरी (मृत्यू इ. स. ९२३) यांनी निरनिराळ्या साक्षींसह लिहून ठेवले, उम्मतची लाज राखण्यासाठी गाळले नाही.

त्याच वेळी हेही मनाशी पक्के असावे की, कोणा सुलतानाच्या कृत्याचा जाब शहापूरच्या दुकानदाराला किंवा मुरबाडच्या विद्यार्थ्याला द्यावयाचा नाही. सूरह बकरामध्ये (२:१३४) म्हटले आहे की, तो समूह होऊन गेला, त्याची कमाई त्याला आणि तुमची तुम्हाला, त्यांनी काय केले याविषयी तुम्हाला विचारले जाणार नाही. किती मोठा दिलासा आहे हा! आणि किती मोठा इशाराही! त्यांच्या पराक्रमाची मिरासही आपल्याला मिळणार नाही. बादशहांच्या इमारतींकडे बोट दाखवून आपले रिकामे आमालनामे भरणार नाहीत.

या बाबतीत उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांचे उदाहरण आपल्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावे. घरच्यांच्या रडण्यामुळे मृताला यातना होतात, असे एक कथन त्यांच्या कानी आले. सांगणारे हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्यासारखे सत्पुरुष होते. त्यांनी त्यांना खोटे म्हटले नाही, ऐकण्यात चूक झाली असावी असे सांगितले आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, या कुरआनच्या तत्त्वाकडे लक्ष वेधले. साक्षीदाराचा मान राखून साक्ष तपासण्याची ही रीत एका विदुषीने घालून दिली. मग आपली मुलगी इतिहास शिकू इच्छिते तेव्हा आपण का बिचकावे?

रोजीरोटीचा प्रश्न

आता राहिला पहिला प्रश्न. इतिहासाची पदवी घेतली की नोकरी दारात उभी राहते, असे सांगणे खोटे ठरेल. पण इतर पदव्यांविषयीही तसे सांगता येत नाही. इतिहास शिकलेल्यास बी.एड. करून शाळेत, एम.ए. नंतर सेट किंवा नेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात अध्यापन करता येते. स्पर्धा परीक्षांत हा विषय फार उपयोगी पडतो. वकिली, पत्रकारिता, पुरातत्त्व, अभिलेखागार, संग्रहालय, पर्यटन ही क्षेत्रेही आहेत. परिश्रम आणि नियोजन मात्र हवे. पहिल्या वर्षापासूनच पुढची पायरी कोणती हे घरात बसून ठरवावे.

अंतराची अडचण खरी आहे. शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी मिळते, मुरबाडकरांना कल्याणपर्यंत एस.टी. गाठावी लागते. तरीही १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आता तालुक्याच्या ठिकाणापर्यंत आली आहेत. ज्यांना रोज जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. दुकान सांभाळणारा मुलगा किंवा लग्नानंतर शिक्षण थांबलेली सून यांनाही हा मार्ग खुला आहे.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने प्रामुख्याने मोडी आणि फारसीत आहेत. मुंबईत काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेले राज्य अभिलेखागार १८२१ पासूनचे आहे. तेथील आणि पुण्यातील दप्तरांत वाचकांची वाट पाहणारे असंख्य कागद आहेत. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी आत्मसात करून तिच्यातील साधने मराठीत आणली. ज्या घरात रोज फज्रनंतर कुरआनची तिलावत होते, त्या घरातील मुलाला त्या अक्षरांची ओळख बालपणीच झालेली असते. त्याला उर्दू येत असेल तर फारसीचे दार अर्धे उघडलेलेच आहे. त्याने वर मोडी शिकून घेतली, तर मराठी समाजाला असा अभ्यासक हवाच आहे.

आपल्या घरापासून

विद्यापीठात न जाणाऱ्यांनीही काही करावे. आपल्या पेट्यांत जुन्या सनदा, खरेदीखते, निकाहनामे आहेत. मशिदी आणि कब्रस्तानांच्या वक्फ जमिनींचे कागद आहेत. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी इनाम कमिशन नेमले तेव्हा ज्यांना आपल्या हक्काचा पुरावा दाखवता आला नाही, त्यांची इनामे गेली. कागद वाळवीला देणे म्हणजे वाकिफाची अमानत वाळवीला देणे होय. सूरह बकराच्या कर्जाविषयीच्या दीर्घ आयतीत (२:२८२) अल्लाहने व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवण्यास कंटाळू नका असे शिकवले आहे. कागदांची छायाचित्रे घ्या, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आजी-आजोबांना विचारा की कुटुंब येथे केव्हा आले, कोणता धंदा होता, शेजारी कोण होते. ऐकलेले लिहा आणि कोणाकडून ऐकले तेही लिहा.

आणि आज रात्री इतिहासाच्या नावाने एखादा संदेश आला, तो आपल्या बाजूचा असो की विरुद्ध, तर तो पुढे पाठवण्याआधी सूरह बनी इस्राईलमधील (१७:३६) ताकीद आठवा. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कारण कान, डोळे आणि हृदय या साऱ्यांचा जाब विचारला जाणार आहे.

ज्या घरात एखादे मूल इतिहास शिकायचे म्हणत असेल, त्या घरातील आईवडिलांनी त्याला नकार देण्यापूर्वी एवढेच विचारावे की, बाळा, तू खरी साक्ष देशील ना? आपल्या विरुद्ध जात असली तरी? त्याचे उत्तर होय असेल, तर त्याला अल्लाहच्या भरवशावर पाठवा. आपल्या समाजाला अभियंते आणि डॉक्टर हवेत तसे खरे साक्षीदारही हवेत.

हे अल्लाह! आम्हाला सत्य सत्य म्हणून ओळखण्याची आणि त्यावर चालण्याची बुद्धी दे. आमच्या लेकरांच्या ज्ञानात बरकत दे, त्यांच्या लेखणीत न्याय दे आणि आम्हाला अशा लोकांत सामील कर ज्यांच्या साक्षीने दोन समाजांमधील वैर कमी होते. आमीन.